स्मरणाला काठीचा आधार

आमच्या थेरगावात घरटी कोणी ना कोणी भोसरी, चाकणच्या कारखान्यांत कामाला असते. दुचाकीच्या अपघातात डोक्याला मार लागलेला मुलगा बरा होऊन घरी आला, की संकट टळले असे आईवडिलांना वाटते. खरी कसोटी कामावर रुजू झाल्यावर लागते. चालणे-बोलणे पूर्वीसारखे दिसते. पण साहेबांनी सांगितलेल्या तीन कामांपैकी दोन निसटतात, दुपारपर्यंत मेंदू थकून जातो. हा आळस नव्हे. ती न दिसणारी दुखापत आहे.

माझ्याकडे येणाऱ्या एक वृद्ध माता मुलाला दर तासाला फोन करून कामाची आठवण देत. "डॉक्टर, माझ्यामागे हे कोण करील?" या त्यांच्या प्रश्नाचे एक उत्तर एका पित्यानेच शोधलेले आहे. कॅलिफोर्नियातील अभियंते लॅरी ट्रेडगोल्ड यांच्या मुलाच्या मेंदूला इजा झाली होती. मानसशास्त्रज्ञ नील हर्श यांच्या साहाय्याने त्यांनी ठरल्या वेळी पेजरवर आठवण पाठवणारी 'न्यूरोपेज' ही योजना घडवली. इंग्लंडमध्ये 143 जणांनी ती वापरून पाहिली. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, चाचणी पूर्ण करणाऱ्यांपैकी 80 टक्क्यांहून अधिक जणांना दैनंदिन कामे पार पाडणे लक्षणीयरीत्या जमू लागले.

आज हे काम साधा मोबाइल करतो. गजराला नुसता आवाज नको, 'मापाची नोंद कर' असे स्पष्ट शब्द हवेत. सूचना ध्वनिमुद्रित कराव्यात, कामाच्या पायऱ्यांची छायाचित्रे क्रमाने ठेवावीत. कारखान्यात मोबाइलला मनाई असल्यास कंपनाने सूचना देणारे घड्याळ किंवा खिशातील वही चालेल. मात्र एका वेळी एकच साधन, तेही कामावर जाण्यापूर्वी काही आठवडे घरी सरावाचे करावे. "आठव पाहू" असे म्हणून परीक्षा घेऊ नये. योग्य कृती दाखवून ती पुन्हा करवून घ्यावी. यंत्र व वाहन चालवण्यास मात्र तज्ज्ञांची परवानगी आधी घ्यावी.

सरकारी किंवा महापालिकेच्या सेवेत असताना अपंगत्व आल्यास 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे संरक्षण आहे. जुने काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद देण्याची त्यात तरतूद आहे. खासगी कारखान्यात कंपनीच्या डॉक्टरांना भेटून प्रारंभी कमी तासांचे काम मागावे.

गुडघे दुखू लागले की आपण निःसंकोच काठी घेतो. मुलाच्या स्मरणालाही ती घेऊ द्या. तुमचा फोन गेला नाही तरी त्याचे काम वेळेवर होईल, तो दिवस तुम्हा दोघांच्याही सुटकेचा असेल.