पाणी वाचता आले पाहिजे

नदीकाठच्या कष्टकरी घरात मासळी ही चैन नसते. ती कालवणाची सोय असते. पगाराला चार दिवस उरले, डाळीचा डबा रिकामा वाजू लागला, की घरातले कुणीतरी गळ घेऊन नदीवर जाते. आम्ही इचलकरंजीचे. वडील यंत्रमागावर आणि आई कांड्या भरायला. आम्ही चार भावंडे पंचगंगेच्या काठी लहानाची मोठी झालो. त्या नदीने आम्हांला जे शिकवले ते वाचक बंधुभगिनींना सांगावेसे वाटते, कारण आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे अशाच एखाद्या नदीच्या काठी राहतात.

पंचगंगा कोल्हापूर सोडून पूर्वेला निघाली की संथ होते. सपाट काळ्या रानातून वळणे घेत ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. वाटेत राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे बंधारे आहेत. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे नदीत ओळीने उभे केलेले दगडी खांब. खांबांच्या खाचांत बरगे बसवले की पाणी अडते. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढायचे आणि पाऊस सरला की पुन्हा घालायचे. वरच्या अंगाला पाणी तुंबून राहते. खालच्या अंगाला पडणारे पाणी तळ उकरते आणि तिथे डोह होतो.

मासा या डोहात का जमतो, हे आम्हांला आबांनी, म्हणजे वडिलांनी, समजावून दिले. पडताना पाण्यात हवा मिसळते. वरून वाहत आलेला खुराक तिथे फिरत राहतो. वर जाणारा मासा बंधाऱ्याशी अडून तिथेच थांबतो. पण गळ टाकायचा तो फेसात नाही. पळते पाणी आणि थांबलेले पाणी जिथे एकमेकांना भेटते, त्या कडेला टाकायचा. आबांचे सामान साधे होते. वेळूची काठी, तंगूस, गळ, शिशाचा तुकडा आणि तरंगायला ज्वारीच्या ताटाचे भेंड. शिंगटी आणि वाम गांडुळाला येत. चिलापी आणि रोहू कणकेच्या गोळीला तोंड लावत. मरळीला मात्र जिवंत बेडकी लागायची. आम्ही सारखी काठी उचलून पाहू लागलो की आबा म्हणत, ‘‘पाण्याला घाई न्हाई, मग तुमास्नी कशाला रं?’’

घरात काही नियम होते. पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायचे नाहीत, कारण मादीच्या पोटात अंडी असतात. बोटाएवढा मासा पुन्हा पाण्यात सोडायचा. आणि पौर्णिमेला गळ खुंटीवर. हा शेवटचा नियम आजीचा. पंचशील म्हणणाऱ्या घराने मासे धरावेत का, हा वाद आमच्याकडे अनेकदा झाला. आजी म्हणायची, ‘‘पोटापुरतं आणा. मौजेखातर जीव घेऊ नका.’’ वाद तिथे मिटला असे नाही, पण त्यामुळे हात आवरता राहिला. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणाऱ्यांच्या वाऱ्यालाही आबा उभे राहू देत नसत. अशा मासेमारीला तर १८९७ सालच्या कायद्यानेच बंदी घातलेली होती.

एका उन्हाळ्याची गोष्ट सांगतो. धंद्यात मंदी होती. आबांचा माग तीन आठवडे बंद होता. दुकानदाराने उधारी थांबवली होती. एके दिवशी पहाटे गल्लीत ओरडा झाला, ‘‘बंधाऱ्यावर मासं वर आल्यात!’’ लोक बुट्ट्या, पोती घेऊन धावले. आम्हीही धावलो. पाणी काळपट होते आणि त्याला आंबूस वास येत होता. हातहात लांबीचे कटले पांढरी पोटे वर करून तरंगत होते. काही अजून तोंड उघडून हवा घेत होते. आम्ही पाटी भरून घरी आणली. चार दिवस पोटभर जेवण झाले असते. आईने एक मासा उचलला, कल्ला उघडून पाहिला, वास घेतला आणि पाटी उचलून परड्यात नेली. खड्डा खणून सगळे मासे पुरले. त्या रात्री आम्ही भाकरी चटणीशी खाल्ली. धाकटा रडला. आई एवढेच म्हणाली, ‘‘जे पाणी माशाला सोसलं न्हाई, ते माझ्या लेकरांच्या पोटात घालू?’’

पुढे शाळेत त्यामागचे कारण कळले. मळीचे किंवा गटाराचे पाणी नदीत शिरले की ती घाण कुजवणारे जंतू पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. उन्हाळ्यात तुंबलेल्या पाण्यात तो आधीच कमी असतो आणि पहाटे सर्वांत कमी. म्हणून मासे पहाटे वर येतात. मरळ हवेतूनही श्वास घेते. तेव्हा मरळ जिवंत दिसली म्हणजे पाणी चांगले, असे समजू नये. २०१२ साली आमच्या गावात काविळीची साथ आली, तेव्हा दूषित पाणी माणसाचे काय करते तेही घरोघरी कळले.

पाणी दूषित करण्याला मनाई करणारा कायदा १९७४ सालापासून आहे. तरी मासे मरायचे थांबलेले नाहीत. नदी नासली की ज्याच्या घरी बाजारची मासळी येते त्याचे ताट अडत नाही. गळावर ज्याचे कालवण आहे, त्याचीच चूल आधी विझते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. मुलांना गळ जरूर द्या, पण आधी पाणी वाचायला शिकवा. रंग पाहा, वास घ्या. तरंगता मासा फुकट मिळाला तरी घरात आणू नका. असे पाणी दिसले की चार शेजारी मिळून प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा आणि पोच घ्या. पावसाळ्यात बंधाऱ्याच्या पायथ्याशी मुलांना जाऊ देऊ नका. तिथे पाणी मागे फिरते आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही खाली ओढते. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की काठावरचे बसणे बंद.

आबा आता नाहीत. त्यांची वेळूची काठी धाकट्याच्या मुलाकडे आहे. तो नदीवर निघाला की आई अजून विचारते, ‘‘पाणी बघितलंस का रं?’’ पाणी चांगले नसेल तर पोरगा काठी आढ्याला लावतो आणि त्या दिवशी घरात पिठले होते.