शेवटून पहिले

शोकसभेत काकांचे किलोमीटर सांगून झाले. किती बीआरएम, म्हणजे ठरल्या वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या राइडा, केल्या, कुठल्या वयात केल्या, तेही झालं. वसईतल्या आमच्या सायकल क्लबातले ते वयाने सगळ्यांत मोठे आणि पोचायला सगळ्यांत शेवटचे. किलोमीटर मोबाइलात आहेत, ते कुठे जात नाहीत. जे जातंय किंवा जाऊन बसलंय, त्याची ही यादी.

बिल्ला

काकांच्या काळ्या सायकलीच्या हँडलखाली तारेने बांधलेला पितळी बिल्ला होता. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने गावांना सायकलीवर कर बसवायची मुभा दिली. कर भरा, बिल्ला घ्या. बिनबिल्ल्याची सायकल सापडली की दंड, रात्री दिवा नसला की दंड, डबलसीट दिसलात तरी दंड. त्या जाचात एक मान होता, सायकल हे वाहन समजलं जायचं. २००९ च्या जुलैत वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व भोवतालची गावं मिळून महापालिका झाली, तोवर बिल्ले केव्हाच अडगळीत गेले होते. आता सायकलीला कर नाही आणि रस्त्यात जागाही नाही.

हिंद

ती काळी सायकल हिंद कंपनीची. चोवीस इंची, चेनला पूर्ण कव्हर, मागे दणकट कॅरेज. मुलाने घेऊन दिलेली गिअरची सायकल बीआरएमला निघे, रविवारी मात्र हीच. हिंदचा कारखाना वरळीला होता, १९३९ पासून. नवी पोरं हे ऐकून घेत, पण वरळीत कधी सायकली बनत होत्या हे त्यांच्या पचनी पडत नसे. पुढे ॲटलास या सायकल कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला तो ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनी. क्लबच्या ग्रुपवर शुभेच्छांचा रतीब चालू होता. काकांनी तेवढी बातमी टाकली, खाली काही लिहिलं नाही.

व्हॉल्व्ह ट्यूब

बोटभर कापून मिळणारी बारीक रबरी नळी. थुंकी लावून व्हॉल्व्हच्या खिळ्यावर चढवायची. हवा मारताना रबर फुगून हवेला आत सोडी, पंप थांबला की खिळ्याला चिकटून तिला बाहेर पडू देत नसे. क्लबातल्या एकाही सायकलीला ती लागत नाही. तरी काकांच्या सीटखालच्या पिशवीत तिची गुंडाळी कायम. पारोळच्या रस्त्याला शाळेत निघालेल्या मुली, वीटभट्टीवरचे कामगार, रात्रपाळी संपवून परतणारे वॉचमन, यांच्या सायकलींना लागायची. आमची रांग पुढे निघून जाई आणि काका कुणाच्या तरी चाकापाशी उकिडवे बसलेले असत.

ओठाने सापडणारं पंक्चर

दुकानात पाण्याचं घमेलं असतं. ट्यूब बुडवली की बुडबुडे जागा सांगतात. उसगावच्या अलीकडे भर रस्त्यात घमेलं कुठून आणायचं? काका टायरची एक कड उचलून ट्यूब बाहेर ओढत, हवा भरत, ओठ ओले करत आणि ट्यूब ओठांपुढून इंच इंच सरकवत. गार झुळूक लागली की तिथे अंगठा. मग कानस, मग सोल्युशन, मग थांबणं. सोल्युशन सुकायच्या आत पॅच लावला तर तो सुटणार हे ठरलेलं. तेवढ्या वेळात ज्याचं पंक्चर त्याची विचारपूस होई. कुठला, काय करतोस, घरी कोण कोण. क्लबातल्या निम्म्या लोकांची ओळख काकांशी अशीच झाली. आता टायरात सीलंट असतं, भोक आपलं आपण बुजतं. सोय आहेच. थांबायला निमित्त उरलं नाही.

डायनॅमो

टायरला घासून फिरणारी बाटली, सहा व्होल्टची. लावली की सायकल जड व्हायची, थांबलं की अंधार. काकांनी बॅटरीचा दिवाही घेतला होता, नियमाप्रमाणे, पण डायनॅमो काढला नाही. पहाटे महामार्गावर त्याची घरघर मागून ऐकू येत राही. ट्रकच्या आवाजात ती बुडे, ट्रक गेला की पुन्हा वर येई. मान वळवून बघायची गरज नसे.

स्टेशनाजवळचा सायकल स्टँड

आगाशी, निर्मळ, गास, भुईगाव, गिरीज, सगळीकडून माणसं सायकलने स्टेशन गाठत, सायकल स्टँडवर टाकत आणि लोकल पकडत. कॅरेजला दुधाचे कॅन, भाजीच्या पाट्या, फुलांचे भारे. विरारहून मुंबईला गाडी सुरू झाली १८६७ साली. वसईचा माल मुंबईला न्यायला तिच्याइतकीच मदत या सायकलींनी केली, पण त्यांचा वर्धापनदिन कुणी करत नाही. काकाही नोकरीभर असेच गेले-आले. स्टँडवाल्याला सायकली नंबराने नव्हे, माणसाच्या नावाने ठाऊक असत. आता तिथे मोटारसायकली खेटून उभ्या असतात आणि सायकल लावायला गेलात तर माणूस नको म्हणतो. एका मोटारसायकलीच्या जागेत दोन सायकली राहतात, पैसे मात्र एकीचेही धड नाहीत.

सुकेळी

राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात सुकवून केलेली. रंग गडद मधासारखा, वर साखरेची बारीक कणी. आगाशी-विरार पट्ट्यातला हा जुना धंदा, आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या घरांत. राजेळीच्या बागा कमी झाल्या आणि सुकवायला लागणारं मोकळं अंगण तर त्याहून कमी. क्लबातली पोरं राइडला एनर्जी जेलच्या पुड्या आणतात, दातांनी फाडतात, पिळतात. काका सुक्या पानाची घडी उलगडत, खिशातल्या चाकूने सुकेळ्याचे तुकडे करत आणि आधी इतरांना देत. चावायला वेळ लागतो. पारोळला घेतलेला तुकडा पुढचा मैलभर तोंडात राही.

बावखल

गोड्या पाण्याचं तळं, वाडीवाडीत असायचं. पावसाळ्यात भरे, जमिनीत मुरे, विहिरींना गोडवा देई. त्यावर केळीच्या नि पानवेलीच्या बागा जगल्या. कितीतरी बावखलं भराव घालून बुजवली, वर इमारती आल्या. काकांना ती रस्त्यावरून ओळखू येत. एखाद्या सोसायटीच्या गेटपाशी पाय टेकून सांगत, हे बावखल होतं, इथे पोहायला शिकलो. २०१८ च्या जुलैत वसई पाण्याखाली गेली, मिठागरांत माणसं अडकली, गाड्या थांबल्या. पाणी ओसरल्यावरच्या पहिल्या रविवारी काकांनी आम्हाला कुठे कुठे गुडघाभर साचलं होतं ते दाखवत फिरवलं. त्यातल्या बऱ्याच जागा आम्ही आधी त्यांच्याच तोंडून ऐकल्या होत्या.

शिक्का

बीआरएमला दोनशे किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात, सहाशेसाठी चाळीस. वाटेतल्या टप्प्यांवर कार्डावर शिक्का घ्यायचा, नाहीतर पेट्रोल पंपाचं बिल किंवा एटीएमची चिठ्ठी पुरावा म्हणून आणायची. काका वेळ पुरवून खाणारे, दरवाजा बंद व्हायच्या थोडे आधी पोचणार. त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या एका वहीत चिकटवल्या होत्या. त्या कागदाची शाई उडते. मनोर, चारोटी, तलासरी, सगळं कोरं झालंय. कार्डावरचे शिक्के तेवढे जांभळे राहिलेत.

खाडी

यादीत ही एक उलटी नोंद. वसईहून भाईंदर समोर दिसतं, पण सायकलने जायचं तर घोडबंदरला वळसा घालून पस्तीस-चाळीस किलोमीटर. काकांना खाडी सायकलसकट ओलांडायची होती. २०२४ च्या फेब्रुवारीत वाहनं नेणारी रो-रो बोट सुरू झाली आणि पहिल्या आठवड्यातच ते हिंद घेऊन किल्ल्याजवळच्या जेट्टीवर हजर झाले. पलीकडे उतरून चहा घेतला, पुढच्या फेरीने परत. किलोमीटर जवळजवळ शून्य. मोबाइलवर ती राइड दिसतसुद्धा नाही.

शेवटची जागा

प्रत्येक राइडला एक जण सगळ्यांच्या मागे राहतो. नवख्याला चालवत ठेवायचं, दमलेल्याला दमलास असं न म्हणता थांबवायचं, चुकलेल्याला परत आणायचं. काकांना हे काम कुणी दिलं नव्हतं. वय झालंय, मागे पडतात, असाच आमचा समज होता. ते दोनशे किलोमीटर वेळेत संपवणारे गृहस्थ रविवारी पन्नासात मागे कसे पडतात, हे कुणी विचारलं नाही.

आता त्या जागेसाठी पाळ्या लावल्यात. ज्याची पाळी तो दर वळणावर घड्याळ बघतो. पावसाळा संपल्यावर दरवर्षी नवी माणसं येतात, तशी यंदाही आली. त्यातली काही पहिल्याच राइडला वज्रेश्वरीच्या रस्त्यावर एकटी पडली आणि पुन्हा आली नाहीत. क्लबचा सरासरी वेग वाढलाय. सभासद कमी झालेत.