आमचा कागदी संघ

आम्ही परळच्या चाळीतली मंडळी दरवर्षी आयपीएलच्या दिवसांत कागदावर क्रिकेट खेळतो. प्रत्येकाने निरनिराळ्या संघांतून अकरा खेळाडू निवडायचे. मैदानात त्यांनी काढलेल्या धावा आणि घेतलेले बळी, यांचे गुण आपल्या खात्यात जमा. कप्तानाचे गुण दुप्पट. हिशेबाची वही आमच्याकडे असते.

२०२४ चा हंगाम आमच्या संघाला फार वाईट गेला. मुंबईकर म्हणून मुंबई इंडियन्सचेच खेळाडू अधिक घेतलेले. तो संघ १४ पैकी अवघे ४ सामने जिंकून दहावा, म्हणजे शेवटचा आला. सूर्यकुमार यादव दुखापतीमुळे पहिले तीन सामने खेळलाच नाही. बुमराहने २० बळी घेतले. पण एकट्याच्या कमाईवर मोठे घर किती दिवस चालणार?

हरलो, तरी कोणाच्या घरचे रेशन अडले नाही. कारण आमच्या वहीत गुण असतात, रुपये नसतात. मोबाईलवर हाच खेळ पैसे लावून खेळणाऱ्या तरुणांचे पगार महिना संपण्याआधी संपलेले आम्ही पाहिले आहेत. २०२५ साली संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घातली, हे बरेच झाले.

आता पुढचा विचार. चाळीतल्या मुली म्हणतात, महिलांच्या लीगचीही वही उघडा. मुंबईच्या महिलांनी २०२३ आणि २०२५ साली ती स्पर्धा जिंकली आहे. त्या संघाची निवड मुलीच करतील. बंधू-भगिनींनो, आमच्या वहीला चांगले दिवस त्यांच्याच हातून येतील, अशी आम्हांस आशा आहे.