खमंग

आई भाजणी कानाने भाजायची. औरंगपुऱ्यातल्या आमच्या जुन्या घरात लोखंडी कढईत ज्वारी पडली की ती आम्हा पोरांना गप्प बसवायची. आधी जड सरसर, मग ओल उडाली की आवाज सुका आणि हलका होत जायचा, आणि मग एखादा दाणा टणकन उडायचा. त्या आवाजासरशी ती आच मंद करायची. ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे, सगळ्यांची पाळी वेगळी, कारण सगळ्यांची वेळ वेगळी. शेंगदाणे तर ती थोडे कच्चेच वाटताना उतरवायची. उतरवल्यावरही दाणा आतल्या उष्णतेने भाजत राहतो, हे तिच्या हाताला ठाऊक होतं.

हे सारं मागच्या हिवाळ्यात आठवलं ते भाच्याच्या फोनमुळे. तो इंग्लंडात न्यूकॅसलला असतो. तिथे १९२७ साली याच गावाच्या नावाची ब्राऊन एल बाजारात आली. तांबूस, माल्टच्या चवीची बिअर. तशीच आपल्या स्वयंपाकघरात जमवायचा नाद त्याला लागलाय. तिकडे १९६३ पासून घरी पिण्यापुरती बिअर बनवायला परवाना लागत नाही. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय हा उद्योग करता येत नाही, त्यामुळे माझं ज्ञान कढईपुरतंच. पण त्याचा प्रश्नच कढईचा होता. "मावशी, दाण्याच्या कुटासारखी चव आणायचीय. बदाम कुटून घातले, तर चव आलीच नाही आणि फेसही बसला."

फेस बसणारच. बदाम-दाण्यांत तेल, आणि तेलापुढे फेस टिकत नाही. इंग्रजीत त्या चवीला कवचाच्या फळाचं नाव दिलंय, म्हणून तो बदामाच्या मागे गेला. आपल्याकडे तिला खमंग म्हणतात. या शब्दात कुठलंच फळ नाही. फोडणी खमंग, थालीपीठ खमंग, आणि कच्ची काकडीसुद्धा भाजलेल्या दाण्यांचं कूट पडलं की खमंग काकडी. मला हा शब्द फार नेमका वाटतो, कारण तो जिन्नस सांगत नाही. जिन्नसाला विस्तवाने काय केलं ते सांगतो.

त्याला म्हटलं, लहानपणी तू नाचणीचं सत्त्व प्यायलास ना, तेच आठव. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, हलकी भाजून दळायची. बिअरवाले जवाचं हेच करतात आणि त्याला माल्ट म्हणतात. मोड येताना दाण्यात पिठाची साखर करणारे पाचक रस तयार होतात. पुढे त्याच दाण्याला कोरडी आच दिली की साखर आणि प्रथिनांचे घटक एकमेकांना धरतात, रंग तांबूस होतो आणि तो वास उठतो. लुई कामिय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली ही क्रिया मांडली. भाकरीचा पापुद्रा, भाजलेली कॉफी, दाण्याचं कूट, सगळ्यांचं मूळ तिथेच. मात्र जास्त आचेत ते पाचक रस मरतात, म्हणून सगळं धान्य भाजून चालत नाही. वीस लिटरला चार-साडेचार किलो साधं माल्ट आणि त्यातलं पाव-अर्धा किलो भाजलेलं, एवढं पुरे.

माल्टचा वास आमच्या छत्रपती संभाजीनगरला परका नाही. वाळूजच्या वसाहतीत बिअरचे कारखाने आहेत. त्या बाजूने जाताना कधीकधी उकडलेल्या धान्याचा कोमट, गोडसर वास गाडीत शिरतो आणि मला पेजेचं पातेलं आठवतं. उरलेला चोथा जनावरांच्या खाद्याला जातो. त्या वासाबरोबर २०१६ चा उन्हाळाही आठवतो. जायकवाडी आटलं होतं, लातूरला रेल्वेने पाणी जात होतं आणि उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली होती. आम्ही तेव्हा तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालत होतो. बिअर म्हणजे बहुतांशी पाणीच. मराठवाड्यात राहून हे विसरता येत नाही, विसरूही नये.

गेल्या रविवारी त्याने पुन्हा फोन लावला, या वेळी चित्रासकट. ओव्हन १७५ अंशांवर, ताटात माल्टचा एकपदरी थर. मी म्हटलं, अर्धा तास ठेव, पण दर पाच मिनिटांनी परतत राहा, कडा आधी लागतात. इकडे माझ्या कढईत भाजणीची ज्वारी होतीच. पंधराव्या मिनिटाला त्याने दाणा फोडून दाखवला, आत पांढराच. पंचविसाव्या मिनिटाला आतला रंग गव्हाच्या पोळीसारखा झाला. "मावशी, वास बदलला," तो म्हणाला. मी म्हटलं, आता बाहेर काढ, तापलेल्या ताटात राहू देऊ नकोस.

त्याला लगेच बिअर चढवायची होती. कागदी पिशवीत दोन आठवडे ठेव, म्हटलं. ताज्या भाजलेल्या दाण्यात एक करपट, उग्र वास असतो, तो उडून जाऊ दे. त्याने पिशवीवर तारीख लिहिली. आमच्याकडे ज्वारीचा पहिला दाणा उडाला. मी फोन ओट्यावर उपडा ठेवला आणि आच कमी केली.