पंधरा तासांचा प्रवास

मेळघाटातील सेमाडोह येथे सिपना नदीच्या परिसरात एका जैन कुटुंबाचे जुने किराणा दुकान आहे. मुलगा न्यू जर्सीत नोकरीला. आई काळजी करू लागली की तो हसून म्हणे, “आई, न्यूयॉर्कहून मुंबई अवघी पंधरा तासांवर आहे.”

त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. या दोन विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळची वाट नकाशावरील सरळ रेघेसारखी नसून उत्तरेकडे कमानीसारखी वळते. उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून भारताकडे येताना वेळ थोडा वाचतो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा अंतर तेच राहूनही त्यांचा प्रवास लांबला. अंतर भूगोल ठरवितो. वेळ ठरविणारे अनेक असतात.

गेल्या हिवाळ्यात आईची प्रकृती ढासळली. मुलाने फोनवरून तिला णमोकार मंत्र ऐकविला आणि दुसऱ्या दिवशीचे तिकीट काढले. विमानतळावर तीन तास आधी हजेरी, मग ते पंधरा तास, मुंबईत तपासणी आणि सामान. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर 16 एप्रिल 2025 पासून मुंबईचे विमान येते. पण ते रोज नसल्याने त्याला नागपूर गाठावे लागले. तेथून सेमाडोह रस्त्याने सुमारे 250 किलोमीटर, त्यातील परतवाड्यापुढची वाट घाटाची आणि जंगलाची. त्यात घड्याळही भारतात साडेदहा तास पुढे.

तो मुंबईस उतरण्यापूर्वीच आईने देह ठेवला. परतवाड्यास दिलेली मुलगी दोन तासांत पोहोचली होती. नातेवाइकांनी मुलासाठी थांबण्याचा आग्रह धरला. वडील म्हणाले, “तिनेच सांगून ठेवले आहे, माझ्यासाठी कोणाची वाट पाहू नका. निष्प्राण देहात सूक्ष्म जीव उत्पन्न होतात. त्यांच्या हिंसेचे निमित्त मला व्हायचे नाही.” सूर्यास्तापूर्वी मुलीने अग्नी दिला.

तिसऱ्या दिवशी मुलगा दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. “बाबा, मला थोडा उशीर झाला,” एवढेच तो म्हणू शकला. वडिलांनी त्याच्या पाठीवरून हात फिरविला. “तू वाटेत कुठे थांबला नाहीस, मला ठाऊक आहे. आणि तुझा मंत्र तिने ऐकला होता.”

आज आपल्या कितीतरी घरांतील मुले परदेशी आहेत. व्यापारात येणे-देणे आपण वेळेवर लिहून ठेवतो. निरोपाच्या वेळी कोणासाठी थांबायचे आणि किती, हे मात्र कोणी बोलत नाही. त्या माउलीने ते आधीच बोलून ठेवले होते, म्हणून वडिलांना निर्णय घेता आला आणि मुलाला तो स्वीकारता आला. पर्युषणात सारे घर एकत्र जमेल, तेव्हा हा विषय शांतपणे काढावा.