आईच्या पायाची सूज आणि गोळ्यांचं पाकीट

इथे बहुतेक आठवणी गोपाळ मंदिराच्या, गणेशोत्सवातल्या नाटकांच्या, क्षिप्रेच्या पुराच्या असतात. मीही त्या आवडीने वाचते. आज लिहितेय तो विषय मात्र आपल्या घरांत दाराआड, तोही अर्धाच बोलला जातो. घरात लग्नाच्या मुली, सुना असतील त्यांनी जरूर वाचावं.

2014 साली माझं लग्न ठरलं तेव्हा मी 26 वर्षांची होते. मुहूर्त डिसेंबरचा, आणि हनुवटीवर, जबड्याच्या कडेने मुरुमं. (आपल्या उज्जैनच्या मराठीत मुहांसे!) पाळीच्या आधी तर चेहरा नुसता फुलून यायचा. काकूंनी मुलतानी माती सांगितली, शेजारच्या भाभींनी कडुनिंबाचा पाला. एका मैत्रिणीने सरळ पाकीटच हातात ठेवलं. "ही घे, तीन महिन्यांत चेहरा साफ. मी हीच घेतली."

गोळी गर्भनिरोधक होती. मी पाकीट वहिनीला दाखवलं. ती स्वतः माला-डी घ्यायची, हे घरात दादा आणि मी सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "गोळी वाईट नाही गं. पण मला सुरू करण्याआधी डॉक्टरांनी दहा प्रश्न विचारले होते, बीपी पाहिलं होतं. तुला कुणी काय विचारलं?"

फ्रीगंजातल्या एका बाई डॉक्टरांकडे गेलो. आईही हट्टाने बरोबर आली. डॉक्टरांनी आधी नीट समजावलं. या गोळीत दोन हॉर्मोन असतात, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन. त्यांनी बीजकोशातून अंडं सुटणं थांबतं. शिवाय शरीरातलं मोकळं पुरुषी हॉर्मोन कमी होतं, त्वचेतलं तेल घटतं आणि मुरुमं बसतात. फरक दिसायला तीनेक महिने लागतात, आणि गोळी सोडली की मुरुमं परत येऊ शकतात.

मग प्रश्न सुरू झाले. सिगारेट? बीपी? डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकतं का? फिट्सची किंवा टीबीची औषधं चालू आहेत? घरात कुणाच्या पायात, फुप्फुसात रक्ताची गाठ झाली होती?

मी "नाही" म्हणणार तोच आई म्हणाली, "मला झाली होती. हिच्या वेळी."

1988 मध्ये माझ्या जन्मानंतर दहाव्या दिवशी आईचा डावा पाय मांडीपर्यंत सुजला होता. नसेत गाठ झाली होती. इंजेक्शनं, मग कित्येक महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या. घरात याला "बाळंतपणातली सूज" एवढंच नाव होतं. आई रात्री पायाखाली उशी घेऊन झोपायची, ती सवयच असेल असं मला वाटायचं. 26 वर्षं कुणी का सांगितलं नाही, हे मी घरी आल्यावर विचारलं. ती म्हणाली, "घरात पहिली मुलगी झालेली. कुणी तुला पांढऱ्या पायाची म्हणालं असतं. म्हणून आजी आणि मी, दोघींनी तो विषयच बंद केला."

मला काय बोलावं सुचेना. मला बोल लागू नये म्हणून तिने आपलं दुखणं लपवलं होतं, आणि नेमकी तीच गोष्ट डॉक्टरांना हवी होती.

डॉक्टरांनी घाबरवलं नाही. म्हणाल्या, गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायकांत वर्षाला साधारण दोघींना अशी गाठ होते. माला-डीसारख्या गोळीवर 5 ते 7 जणींना, आणि चेहऱ्यासाठी जास्त खपणाऱ्या ड्रोस्पिरेनोनच्या गोळीवर 9 ते 12 जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणात धोका याहून जास्त असतो. "पण आईला गाठ झालेली आहे. नुसत्या मुरुमांसाठी तुम्ही ही जोखीम का घ्यायची?" त्यांनी अॅडापलीन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइडची मलमं दिली, आणि दिवस राहिले तर अॅडापलीन बंद करा म्हणून बजावलं. लग्नानंतर मी कॉपर-टी बसवली. फोटोत चार डाग आहेत. असू देत.

वहिनीला मात्र गोळी छान मानवली. बाळ अंगावर पीत होतं म्हणून तिने सहा महिने थांबून सुरू केली होती. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की गोळी, हा तिचा नेम. पाकिटात 21 पांढऱ्या हॉर्मोनच्या आणि 7 तपकिरी लोहाच्या. एक विसरली तर आठवल्याबरोबर घ्यायची. लागोपाठ दोन किंवा जास्त विसरल्या तर शेवटची राहिलेली लगेच घेऊन पुढे चालू ठेवायच्या आणि सात दिवस कंडोमही वापरायचा. या गोळीने लैंगिक आजार टळत नाहीत, हेही तिला ठाऊक होतं.

2016 च्या सिंहस्थात घर पाहुण्यांनी भरलेलं. पाळी पुढे ढकलायला आत्याच्या सुनेने वहिनीकडे गोळ्या मागितल्या. तिला अर्धशिशी होती, आणि डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे झगमगत्या रेषा यायच्या. वहिनीने पाकीट दिलंच नाही. अशा अर्धशिशीत ही गोळी घेतली तर पक्षाघाताचा धोका वाढतो. पाहुणी दोन दिवस रुसली, पण डॉक्टरांनी वहिनीचंच बरोबर म्हटलं.

र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. शंभर वर्षं उलटली, तरी आपण गोळीचं पाकीट साड्यांच्या घडीत ठेवतो. ठेवा हवं तर. पण मुलीला, सुनेला घरातली दुखणी खरी नावं घेऊन सांगा. गाठ, बीपी, पक्षाघात, कुणाला कितव्या वर्षी झालं, सगळं. आणि जी गोळी घेतेय तिला एवढं पाठ असू द्या: एका पोटरीत दुखून सूज, छातीत कळ, धाप, अचानक भयंकर डोकेदुखी, दिसेनासं होणं किंवा पोटात जोराची कळ आली, तर सकाळची वाट पाहायची नाही, लगेच दवाखान्यात जायचं.

आई आता सत्तरीला आलीये. हे लिहू का म्हणून तिला विचारलं, तर म्हणाली, "लिही. आणि पाय डावा होता, ते नीट लिही."