मोकळ्या जागांचा ताल

रिदम गिटार वाजवणाऱ्याचा उजवा हात मनगटातून सतत खाली-वर हलत असतो. चार मात्रांच्या आवर्तनात तो प्रत्येक मात्रेवर खाली येतो आणि दोन मात्रांच्या मध्ये वर जातो. अशा रीतीने एका आवर्तनात आठ जागा मिळतात. हात तारांना लागला तर नाद उमटतो, तारांना न शिवता गेला तर ती जागा मोकळी राहते. हालचाल मात्र दोन्ही वेळी सारखीच असते, कारण लय याच अखंड हालचालीवर उभी असते. स्ट्रमिंगचा नवा पॅटर्न त्यामुळे मुळात निवडीतून जन्मतो: कोणती जागा वाजवायची आणि कोणती सोडायची.

आठ जागांतली प्रत्येक जागा वाजवता किंवा सोडता येते, म्हणजे २५६ रचना होतात. मात्रेचे चार भाग केले तर जागा सोळा होतात आणि रचनांची संख्या ६५,५३६ वर जाते. पर्यायांचा एवढा साठा असूनही बहुतेक वादक दोन-तीन पॅटर्नवर वर्षे काढतात. एकदा बसलेली चाल हात आपोआप वाजवू लागतो आणि कान तिच्याकडे लक्ष देणे सोडून देतो. ताजेपणा परत आणायचा तर आधी या सवयीच्या चालीकडेच नीट कान द्यावा लागतो.

शिकाऊ वादकाला बहुधा सर्वप्रथम मिळणारा पॅटर्न घ्यावा: खाली, खाली-वर, वर-खाली-वर. यात पहिली, तिसरी, चौथी, सहावी, सातवी आणि आठवी जागा वाजते. पाचवी जागा, म्हणजे नेमकी तिसरी मात्रा, मोकळी राहते. या चालीचा सगळा गोडवा त्या एका रिकाम्या मात्रेत आहे. आता पाचवी जागा भरावी आणि सातवी सोडावी. स्ट्रोक तेवढेच राहतात, पण रिकामी मात्रा आवर्तनाच्या शेवटाकडे सरकते आणि जुन्याच कॉर्डना वेगळी ओढ येते. असा एकेक बदल करून प्रत्येक वेळी काय पालटले ते ऐकणे, ही नव्या चालीकडे जाणारी सर्वांत भरवशाची वाट आहे.

निवड केवळ जागांची नसते. कोणत्या स्ट्रोकवर जोर द्यायचा, जाड तारा छेडायच्या की बारीक, नाद घुमू द्यायचा की लगेच दाबायचा, यांवरही चालीचा स्वभाव ठरतो. रेगे संगीतात गिटार मात्रांचा मुख्य ठोका टाळून मधल्या ठिकाणी आखूड, तुटक कॉर्ड टाकते. जेम्स ब्राउनच्या वाद्यवृंदात १९६५ पासून वाजवणाऱ्या जिमी नोलनने डाव्या हाताची बोटे तारांवर हलकेच टेकवून उजव्या हाताने सोळाही जागांवर झपाट्याने फिरण्याची शैली रुजवली. त्यात बहुतेक स्ट्रोक कोरडे खरखरतात आणि मोजक्या ठिकाणी दाब वाढला की कॉर्ड चमकून जाते.

आणखी एक मार्ग म्हणजे जागांचे विषम गट पाडणे. आठ जागांची ३-३-२ अशी फोड करून प्रत्येक गटाच्या सुरुवातीला जोर दिला, तर तो पहिल्या, चौथ्या आणि सातव्या जागी येतो. चौथी जागा हात वर जातानाची आहे. एरवी दुबळा राहणारा हा स्ट्रोक इथे पुढे येतो आणि चालीत झेप उत्पन्न होते. सोळा जागांत ३-३-४-२-४ ही मांडणी केली की बो डिडलीने १९५५ मध्ये गाजवलेली, आफ्रिकी-क्युबन तालपरंपरेशी नाते सांगणारी लय मिळते.

तालवाद्यांकडून घेणे हा तर गिटारचा जुना रिवाज आहे. ब्राझीलच्या जुआंव जिल्बेर्तूच्या बोसा नोव्हा वादनात अंगठा सांबातल्या मोठ्या ढोलाचा ठोका धरतो आणि इतर बोटे त्यावर आडलयीत कॉर्ड टाकतात. मराठी वादकाला हेच तबल्याच्या ठेक्यातून साधता येते. केरव्याचे बोल पाहावेत: धा गे ना ती, न क धी ना. डग्ग्याची आस धा, गे आणि धी या बोलांत आहे. त्या जागी जाड तारा, ना-ती-न वर बारीक तारा आणि ‘क’ वर तळव्याने दाबलेला स्ट्रोक ठेवला की ठेका गिटारवर उतरतो. अडचण ‘गे’ पाशी येते. ती जागा हात वर जातानाची आहे आणि वर जाणारा हात आधी बारीक तारांना लागतो. तेव्हा एकतर हात जाड तारांपुरता वळवायचा, नाहीतर ‘गे’ सोडून द्यायचा. दोन्ही वाटांनी निघणारी चाल तबल्यापेक्षा वेगळी आणि गिटारची स्वतःची असते.

झपतालात २-३-२-३ हे विभाग पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि आठव्या मात्रेला सुरू होतात. मात्रेला एक स्ट्रोक धरला तर पहिले दोन जोर खाली येणाऱ्या हातावर पडतात, पुढचे दोन वर जाणाऱ्या. रूपकाच्या सात मात्रांत तर सम एका आवर्तनात खाली, पुढच्यात वर अशी पालटत राहते. या पालटण्यातून हाताचे दोन्ही स्ट्रोक सारख्या ताकदीचे होतात.

नवी चाल आधी तोंडाने म्हणावी, मग टाळीने धरावी. त्यानंतर डाव्या हाताने तारा दाबून, मेट्रोनोमच्या संथ ठोक्यावर फक्त उजवा हात चालवावा. चाल न मोजता टिकू लागली की एक कॉर्ड आणि शेवटी कॉर्डबदल आणावेत.

खरी परीक्षा गाण्यासोबत होते. गायकाचा शब्द जिथे लांबतो तिथे गिटारला बोलायला जागा असते, शब्द दाट असतील तिथे स्ट्रोक कमी करावे लागतात. काउंट बेसीच्या वाद्यवृंदात फ्रेडी ग्रीनने जवळजवळ ५० वर्षे मुख्यतः प्रत्येक मात्रेवर एकच स्ट्रोक वाजवला, तोही कॉर्डमधल्या मोजक्या स्वरांचा, आणि सारा वाद्यवृंद त्यावर तोलला गेला. चाल गुंतागुंतीची आहे की साधी, याने तिची किंमत ठरत नाही. ती गाण्याला कितपत चालवते, यानेच ठरते.